खातें, जाहिरात आणि रस्ता : तीन ठिकाणीं नियमाचा उपयोग



‘नियम’ हा शब्द कानीं पडला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनांत पहिली कल्पना उभी राहते ती बंदीची. अमुक करूं नका, तमुक ठिकाणीं थांबूं नका, दंड भरा, अर्ज करा. हा अनुभव खोटा नाहीं. परंतु मनाई करणें एवढेंच नियमाचें काम असतें तर शाळेंत वेळापत्रकाची गरज पडली नसती. वेळापत्रक मुलांना कोंडून ठेवण्यासाठीं नसतें; गणिताच्या शिक्षकानें उत्साहाच्या भरांत चित्रकलेचा तास गिळूं नये, आणि मागच्या बांकावरच्या मुलालाहि आपला तास केव्हां आहे हें भिंतीवर वाचतां यावें, म्हणून तें असतें. दुर्बळाला आपला हक्क वाचतां येणें, ही चांगल्या नियमाची पहिली खूण होय. ती खूण हातीं धरून आजच्या भाषणांत मी तीन गोष्टींचा विचार करणार आहें : बँकेंतील आपल्या खात्याची माहिती, मोबाईलच्या पडद्यावरील जाहिरात, आणि रस्ता.

या तीन गोष्टी एकत्र कशा आल्या, असें कोणी विचारील. मी राहतों त्या उलव्याकडे पाहिलें म्हणजे त्याचें उत्तर सांपडतें. उलवे हें नवी मुंबईंतील, पनवेल तालुक्याच्या हद्दींत सिडकोनें वसविलेलें उपनगर. ११ नोव्हेंबर २०१८ रोजीं खारकोपरपर्यंत लोकलगाडी आली. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचें उद्घाटन झालें आणि त्याच दिवशीं रेल्वेहि उरणपर्यंत पोंचली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं शेजारच्या विमानतळाचें उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून तेथून विमानें उडूं लागलीं. सात वर्षांत एवढा पालट झाल्यावर येथें घर घेण्यास येणाऱ्या कुटुंबाचा प्रवास कसा होतो, तें पाहा. प्रथम त्याला मोबाईलवर एक जाहिरात दिसते. मग बँक त्याचीं खातीं तपासून कर्ज देते. आणि घर ताब्यांत आल्यावर, रोज कामावर जाण्यासाठीं, तो रस्त्यावर उतरतो. जाहिरात खोटी निघाली, कर्ज महाग पडलें, किंवा रस्त्यावर रोज दोन तास गेले, तर त्याच्या उभ्या आयुष्याची पुंजी पणाला लागलेली असते. म्हणून या तिन्ही ठिकाणीं नियम कसे आहेत व कसे असावेत, हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा नसून घरोघरचा आहे.

प्रथम खात्याचा विचार करूं. खात्याची माहिती कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं बाजाराच्या ठिकाणीं शेतकऱ्यांनीं उठाव केला. त्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचे रोखे व खतें मागितलीं आणि तीं जाळलीं. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासांत नोंदलेलें प्रकरण तें हेंच. लोकांचा राग दप्तरावर होता, हें येथें ध्यानांत घ्यावें. कर्ज किती घेतलें, फेडलें किती, व्याज कोणत्या दरानें चढलें, याची एकच नोंद होती आणि ती सावकाराच्या घरीं होती. कुणब्याच्या हातीं तिची प्रत नव्हती. असती तरी ती वाचण्याची विद्या पुष्कळांपाशीं नव्हती. जें दप्तर आपल्याला पाहतां येत नाहीं आणि ज्याच्या आधारें आपली जमीन जाते, तें दप्तर जाळावेंसें वाटणें ही मनुष्यस्वभावाला धरूनच असलेली गोष्ट आहे.

सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यांतील एक कलमसमूह फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं, पण आजच्या विषयाला तोच महत्त्वाचा आहे. शेतकरी ऋणकोनें पैसे भरले तर त्याला लेखी पावती मिळालीच पाहिजे; मागणी केल्यास वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे; आणि मागितल्यास पासबुकांत नोंदी करून मिळाल्या पाहिजेत, असे हक्क त्यानें दिले. म्हणजे दंगेखोरांनीं आगीनें जें साधावयास पाहिलें, त्याचें विधायक रूप कायद्यानें शोधलें : दप्तराची प्रत ज्याचा हिशेब त्याच्या हातीं देणें. त्या कायद्यालाहि पळवाटा निघाल्या. पुष्कळ सावकारांनीं गहाणखताऐवजीं खरेदीखतच लिहून घेण्याचा मार्ग काढला. परंतु तत्त्व मात्र बरोबर होतें.

आज सावकाराच्या जागीं बँक आहे, आणि आपणां सर्वांना पासबुक मिळतें. मग अडचण कोठें राहिली ? अडचण ही कीं, आपला हिशेब आतां एका वहींत नसून दहा ठिकाणीं विखुरलेला आहे. पगाराचें खातें एका बँकेंत, ठेव दुसऱ्या बँकेंत, विमा तिसरीकडे, निवृत्तिवेतनाची योजना चवथीकडे. समजा, उलव्यांतील एक बाई घरीं पोळीभाजीचे डबे करून विकतात. गिऱ्हाइकें मोबाईलवरून पैसे देतात. रोजची आवक खात्यांत नियमित जमा होते. त्यांना मोठा ओटा व दुसरी शेगडी घेण्यासाठीं लाखभर रुपये हवे आहेत. त्यांच्यापाशीं गहाण ठेवण्यास घर नाहीं आणि पगाराचा दाखला नाहीं. पण त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा त्यांच्याच खात्यांत रोज लिहिला जात आहे. तो पुरावा दुसऱ्या बँकेपुढें ठेवण्याची सोपी व विश्वासाची सोय नसेल, तर त्यांची बँक त्यांना मोलभाव न करतां जो दर सांगेल तोच त्यांना घ्यावा लागेल, किंवा त्या एखाद्या अनोळखी कर्ज-अ‍ॅपच्या दारीं जातील.

इंग्लंडांत याच अडचणीवर तेथील स्पर्धा-नियंत्रक संस्थेनें २०१६ सालीं उपाय काढला. नऊ मोठ्या बँकांना तिनें फर्माविलें कीं, खातेदारानें संमति दिल्यास त्याची माहिती त्यानें सांगितलेल्या दुसऱ्या अधिकृत संस्थेला ठरलेल्या पद्धतीनें दिली पाहिजे. जानेवारी २०१८ पासून तो व्यवहार सुरू झाला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१६ मध्यें ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ नांवाच्या मध्यस्थ संस्थांचे नियम काढले आणि २ सप्टेंबर २०२१ रोजीं ही व्यवस्था प्रत्यक्ष चालू झाली. तिची घडण समजून घेण्यासारखी आहे. हा मध्यस्थ टपालवाल्यासारखा आहे. पाकीट तो पोंचवितो, परंतु फोडूं शकत नाहीं. माहिती बंद कुलुपांत येते व तशीच पुढें जाते, आणि ती स्वतःपाशीं सांठविण्याची त्याला मुभा नाहीं. कोणती माहिती, कोणाला, कोणत्या कामासाठीं व किती मुदतीपर्यंत द्यावयाची, हें खातेदाराच्या संमतिपत्रांत लिहिलेलें असतें, आणि दिलेली संमति मागें घेतां येते. खात्याचा पासवर्ड कोणालाहि द्यावा लागत नाहीं. बँका, रोखेबाजार, विमा आणि निवृत्तिवेतन या चारहि क्षेत्रांचे नियंत्रक या व्यवस्थेंत सामील आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें यांत एक मार्मिक भर घातली. जी संस्था या व्यवस्थेंतून दुसऱ्यांची माहिती घेईल, तिनें स्वतःजवळची तशी माहितीहि खातेदाराच्या संमतीनें दुसऱ्यांना दिलीच पाहिजे, असें तिनें ठरविलें. पंक्तीला जेवावयाचें असेल तर आपल्या घरचा शिधाहि आणावा, असा हा न्याय आहे. असा नियम नसता तर बड्या संस्थांनीं लहानांची माहिती उचलली असती आणि आपल्या तिजोरीला कुलूप लावून ठेवलें असतें.

खात्याच्या जोडीला पतीची नोंद असते. आपण कर्ज वेळेवर फेडतों कीं नाहीं, याची नोंद ठेवणाऱ्या संस्था २००५ च्या कायद्याखालीं चालतात. १ जानेवारी २०१७ पासून अशा प्रत्येक संस्थेनें प्रत्येक व्यक्तीला वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे, असा नियम आहे. त्यांत चूक असेल व तक्रार करूनहि तीस दिवसांत ती दुरुस्त झाली नाहीं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलांत आली. शंभर रुपये ही रक्कम लहान आहे. पण विलंबाचा भार प्रथमच चूक करणाराच्या खांद्यावर गेला, हें लहान नाहीं. आजवर तो ज्याची पत नाहक बिघडली त्याच्याच खांद्यावर होता. त्याचप्रमाणें वडिलांच्या किंवा आजोबांच्या नांवें कोणत्या बँकेंत विसरलेली ठेव पडून आहे कीं काय, हें निरनिराळ्या बँकांत हिंडत न बसतां एका ठिकाणीं शोधण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें ‘उद्गम’ ही सोय उघडली.

तरीहि एक उणीव राहतेच. या सर्व रचनेचा पाया संमति हा आहे. आणि मोबाईलवर संमति म्हणजे अंगठ्याचा एक स्पर्श. पूर्वी निरक्षर कुळाचा अंगठा कागदावर उठवून घेत. आज साक्षराचा अंगठा कांचेवर उठतो. मजकूर न वाचतां उठलेला अंगठा दोन्ही काळीं सारखाच. म्हणून संमतिपत्र खातेदाराच्या भाषेंत, आपल्याकडे मराठींत, एका पानांत असलें पाहिजे. जी माहिती कामाला लागत नाहीं ती मागण्यास मनाई असली पाहिजे. आणि नकार दिला म्हणून साधें बचतखातें उघडण्यास अडथळा येतां कामा नये. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनीं कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना आपल्या मोबाईलमधील नांवांची यादी, फोटो व फोनच्या नोंदी उघडण्यास मनाई केली, ती याच तत्त्वावर. कर्जवसुलीसाठीं एखाद्या तरुणाच्या नातेवाइकांना धमकीचे फोन जातात, तेव्हां त्याचें मूळ बहुधा याच चोरलेल्या यादींत असतें.

आतां जाहिरातीकडे वळूं. छापील युगांत जाहिरातीला एक लगाम होता. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर छापणाराचें नांव व छापण्याचें ठिकाण घालणें सक्तीचें केलें होतें. तो कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२३ चा नवा कायदा आला. परंतु शंभराहून अधिक वर्षे त्यानें आपल्याला एक संवय लावली, कीं सार्वजनिक ठिकाणीं जो बोलतो त्यानें आपलें नांव सांगावें. वर्तमानपत्रांतील जाहिरात सर्वांना एकच दिसे. वडिलांनीं वाचली ती शेजाऱ्यांनींहि वाचली. ती खोटी असेल तर चव्हाट्यावर तिची चर्चा होई. मोबाईलवरील जाहिरात तशी नसते. ती तुम्हांला एक दिसते व तुमच्या पत्नीला दुसरी. तुम्ही काल काय शोधलें, कोठें गेलां, तुमचें वय काय, हें ताडून ती तुमच्या एकट्याच्या कानांत कुजबुजते. कुजबुजणाऱ्याचें नांव पुष्कळदां कळत नाहीं, आणि उद्यां तक्रार करावी तर ती जाहिरात पडद्यावरून नाहींशी झालेली असते. साक्षीदार नसलेली जाहिरात, हा या काळाचा खरा नवा प्रश्न आहे.

कायदा येथें अगदींच झोंपलेला होता असें नाहीं. जादूच्या औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे. जाहिरात-व्यवसायानें स्वतःहून स्थापिलेलें प्रमाणक मंडळ मुंबईंत १९८५ पासून काम करीत आहे. २०१९ च्या ग्राहक-संरक्षण कायद्यानें केंद्रीय प्राधिकरण निर्माण केलें व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास, तसेंच तिची भलावण करणाऱ्या नामांकित व्यक्तीस, दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. पुन्हां तोच गुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत. ९ जून २०२२ रोजीं निघालेल्या मार्गदर्शक नियमांनीं ‘फुकट’ म्हणून भुलविणाऱ्या, एक वस्तु दाखवून दुसरी गळ्यांत घालणाऱ्या, आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या केली.

परंतु माझ्या मतें यांतील सर्वांत उपयोगी धडा घरांच्या जाहिरातींनीं दिला आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रानें दिला आहे. २०१६ च्या स्थावर-संपदा कायद्यान्वयें नोंदणी झाल्यावांचून कोणत्याहि प्रकल्पाची जाहिरात करतां येत नाहीं. जाहिरातींत नोंदणीचा क्रमांक असावा लागतो, आणि जाहिरातींतील खोट्या विधानावर विसंबून कोणाचें नुकसान झालें तर त्याला भरपाई मागतां येते. महाराष्ट्रांत ‘महारेरा’ हें प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम करूं लागलें. १ ऑगस्ट २०२३ पासून त्यानें आणखी एक पाऊल टाकलें : प्रत्येक जाहिरातींत क्यूआर कोड छापला पाहिजे, अन्यथा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. तो चौकोन मोबाईलनें टिपला कीं प्रकल्पाचें सरकारी पान उघडतें. इमारतीचे परवाने, पुरी करण्याची तारीख, चालू असलेले दावे, हें सर्व तेथें वाचावयास मिळतें. ‘विमानतळ दहा मिनिटांवर’, ‘सेतू हाकेच्या अंतरावर’ अशा जाहिराती उलव्याबद्दल रोज झळकतात. त्या सर्व खोट्या नसतात. पण मध्यरात्रीं रिकाम्या रस्त्यावर मोजलेलीं दहा मिनिटें आणि सकाळीं साडेआठचीं दहा मिनिटें यांत फरक असतो, आणि तो फरक जाहिरात सांगत नाहीं. क्यूआर कोडमुळें निदान इतकें होतें कीं, कुजबुजणाऱ्याचें नांव, त्याचा पत्ता आणि त्याचें वचन एका सार्वजनिक दप्तरांत नोंदलेलें सांपडतें.

हीच रीत घरांपुरती न ठेवतां कर्ज, औषध, शिकवणीचे वर्ग व गुंतवणूक यांच्या जाहिरातींनाहि लावावी, असें मला सुचवावयाचें आहे. परवान्याचा क्रमांक नाहीं, तर जाहिरात दाखवूं नये; आणि ही जबाबदारी जाहिरात करणाराइतकीच ती दाखवून पैसे मिळविणाऱ्या कंपनीवरहि असावी. युरोपांतील डिजिटल सेवांच्या कायद्यानें मोठ्या कंपन्यांना सर्व जाहिरातींचें एक जाहीर दप्तर ठेवावयास लाविलें आहे; कोणती जाहिरात, कोणाच्या पैशानें, कोणाला दाखविली, हें तेथें कोणालाहि पाहतां येतें. असें दप्तर आपल्याकडे झालें तर कानांतील कुजबूज पुन्हां चव्हाट्यावर येईल. मुलांच्या बाबतींत आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्यानें कडक भूमिका घेतली आहे. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना त्यानें मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर झाले आणि मुख्य बंधनांना दीड वर्षाची मुदत देण्यांत आली. या मुदतींत पालकांनीं स्वस्थ बसूं नये.

तिसरी गोष्ट रस्ता. रस्ता फुकट असतो असें आपण समजतों. वास्तविक त्याची किंमत नेहमींच द्यावी लागते. पैशानें दिली नाहीं तर ती वेळानें, धुरानें आणि कधीं प्राणानें द्यावी लागते. २०२२ या एका सालीं आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. म्हणून कोणी, कोणत्या वाहनानें, केव्हां व किती वेगानें रस्ता वापरावा, हें ठरविणें अपरिहार्य आहे. वाद आहे तो तें शहाणपणानें कसें ठरवावें एवढाच.

आमच्या दाराशींच याचें उदाहरण आहे. अटल सेतूची लांबी सुमारें २१.८ किलोमीटर, त्यांपैकीं सुमारें १६.५ किलोमीटर समुद्रावर. मोटारीला तेथें ताशीं १०० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, आणि चढउतारावर ४० ची. दुचाकी, रिक्षा व इतर संथ वाहनांना मनाई आहे. उद्घाटनाच्या वेळीं ठरलेल्या दरपत्रकांत मोटारीला एका फेरीचे २५० रुपये होते. इकडे मुंबईच्या वेशीवरील पांच नाक्यांवर, ज्यांत वाशीचा नाका येतो, हलक्या मोटारींना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल माफ झाला. आतां या दोन निर्णयांचा एकत्र परिणाम पाहा. ज्या नव्या रस्त्यावर जागा मोकळी आहे तेथें पैसे घ्यावयाचे, आणि ज्या जुन्या वाशीच्या वाटेवर सकाळीं मुंगीला वाट मिळत नाहीं ती फुकट ठेवावयाची. प्रत्येक निर्णयाला आपापलें कारण आहे. सेतूचा खर्च वसूल करावयाचा आहे आणि वेशीवरच्या टोलाविरुद्ध लोकांची तक्रार जुनी होती. पण दोन्ही निर्णय एका फळ्यावर शेजारीं लिहिले म्हणजे बेरीज उलटी येते. गर्दीला जणूं बक्षीस आणि मोकळ्या रस्त्याला दंड.

गर्दीची किंमत गर्दीच्या वेळीं व गर्दीच्या ठिकाणीं घ्यावी, हें तत्त्व जगांत अनेक शहरांनीं आजमावलें आहे. सिंगापुरानें १९७५ सालीं सकाळच्या वेळीं शहराच्या मध्यभागांत शिरणाऱ्या मोटारींवर कर बसविला, आणि चार माणसें बसलेल्या मोटारीला सूट दिली. लंडननें फेब्रुवारी २००३ पासून असा आकार सुरू केला. स्टॉकहोममध्यें २००६ सालीं प्रथम कांहीं महिने प्रयोग झाला. रहदारी सुमारें एक पंचमांश कमी झाली. मग लोकांचें मत घेण्यांत आलें, आणि २००७ पासून तो कर कायम झाला. न्यूयॉर्कनें ५ जानेवारी २०२५ पासून तीच वाट धरली. स्टॉकहोमचा क्रम मला विशेष शिकण्यासारखा वाटतो : आधीं प्रयोग, मग हिशेब, मग कौल, आणि शेवटीं कायदा.

पण आपल्याकडे याला एक अट जोडली पाहिजे, आणि ती अट थोड्या अंकगणितानें समजते. सेतूच्या पहिल्या दरपत्रकांत बसला एका फेरीचे ८३० रुपये होते. मोटारींत एकटा मनुष्य बसला तर त्याला माणशीं २५० रुपये पडतात. बसमध्यें चाळीस माणसें असलीं तर माणशीं सुमारें २१ रुपये पडतात. मोटारींतील एकटा मनुष्य रस्त्याची जेवढी जागा अडवितो, तिच्या दुप्पट-तिप्पट जागेंत बस चाळीस माणसें नेते. तेव्हां खरें पाहतां बसला टोलच नसावा, आणि सकाळीं तिला स्वतंत्र पट्टी असावी. ऑगस्ट २०२५ मध्यें विजेवर चालणाऱ्या मोटारींना सेतूवर टोलमाफी मिळाली. धुराच्या दृष्टीनें ती योग्य असेल. गर्दीच्या दृष्टीनें विजेची मोटार दुसऱ्या मोटारीइतकीच जागा व्यापते. ज्याच्यापाशीं दुचाकीच आहे, त्याला तर सेतू मुळींच बंद. वाऱ्याच्या झोतांत समुद्रावर दुचाकी नको, ही मनाई समजण्यासारखी आहे. पण ज्याला आपण मनाई करतों त्याला पर्यायी वाट देणें हें नियमकर्त्याचें ऋण असतें, आणि तें ऋण स्वस्त व वारंवार येणाऱ्या बसगाड्यांनींच फिटेल.

रस्त्याच्या नियमांत दुसरीहि बाजू असली पाहिजे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानें शिरस्त्राण नसल्यास एक हजार रुपये दंड ठेवला, हें सर्वांना ठाऊक आहे. त्याच कायद्यांत सदोष रस्ता बांधणाऱ्या किंवा राखणाऱ्या ठेकेदारास व अधिकाऱ्यास एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे, हें फार थोड्यांना ठाऊक आहे. कॅमेरा वाहनचालकाची चूक टिपतो, तसा खड्डाहि टिपूं लागला, तर लोक दंड अधिक समजूतदारपणें भरतील. शिवाय फेब्रुवारी २०२१ पासून नाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळें आपली मोटार कोणत्या दिवशीं कोठें गेली याची नोंद आपोआप होते. ही नोंदहि एक प्रकारचें खातेंच आहे. ती कोणी, किती काळ ठेवावी आणि जाहिरातवाल्यांच्या हातीं ती पडूं नये, याचा नियम तितकाच स्पष्ट हवा. तिन्ही विषय शेवटीं एकमेकांना असे येऊन मिळतात.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. नियम वाढले कीं कचेऱ्या वाढतात. बड्या कंपन्या वकील ठेवतात आणि लहान दुकानदार कागदांत बुडतो. म्हणून नियमाचें ओझें बळाच्या प्रमाणांत असावें. पोळीभाजीच्या डब्याच्या जाहिरातीला नोंदणी लागूं नये. लाखोंना कर्ज विकणाऱ्या अ‍ॅपला ती लागलीच पाहिजे. दुसरें, अंमलबजावणी नसलेला नियम हा नियम नसल्यापेक्षांहि घातक ठरतो, कारण त्याच्या भरंवशावर लोक बेसावध राहतात. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपर येथें वादळी वाऱ्यांत जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि सतरा माणसांचा बळी गेला. मुंबई महापालिकेच्या नियमाप्रमाणें फलकाला लांबी-रुंदीची मर्यादा चाळीस फुटांची होती. हा फलक एकशें वीस फुटांचा होता. नियम कागदावर होता. त्याच्या खालीं उभ्या असलेल्या माणसांना त्याचा कांहींच उपयोग झाला नाहीं.

तेव्हां नियम चांगला कीं वाईट हें पारखावयाचें असेल, तर प्रत्येक गृहस्थानें व गृहिणीनें तीन प्रश्न विचारावेत. यामुळें माझी माहिती माझ्या हातीं आली काय ? माझ्याशीं बोलणाऱ्याचें नांव व पुरावा मला मिळाला काय ? आणि झालेल्या हानीचा भार, ती करणारावरच पडला काय ? या तिन्ही प्रश्नांचें उत्तर ‘होय’ असेल तर तो नियम पाळण्यांत कमीपणा नाहीं. आणि हक्क वापरला नाहीं तर तो गंजतो, हें सुप्याच्या कुणब्यांच्या नातवंडांना निराळें सांगावयास नको. या महिन्यांत आपल्या पतीचा फुकट अहवाल मागवा. वडिलांच्या नांवची विसरलेली ठेव शोधून पाहा. घराची जाहिरात आली तर फोन करण्यापूर्वीं तिच्यावरील क्यूआर कोड टिपा, आणि तो नसेल तर महारेराकडे तक्रार करा. आणि आपल्या वॉर्डाच्या सभेंत बसच्या पट्टीची मागणी लेखी द्या, तिची पोंच घ्या. पोंच घेण्याचा हक्क १८७९ पासून चालत आलेला आहे. तो कोठेंहि सोडूं नका.